दगान, शेजारच्या घरी

स्वोर्ड्स
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

संध्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते लगेच फोडलं नसशील. चार दिवस मायक्रोवेव्हवर पडू दे, हरकत नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला निळ्या खुणा येतात आणि पुढे काही येत नाही, म्हणून कागद घेतला. तुझा पत्ता गंधारने दिला. "आई, मी फक्त पत्ता देतोय. यापुढे मला मध्ये घ्यायचं नाही," असं बजावून दिला.

मी सोमवारी डब्लिनला गंधारकडे आले. नव्वद दिवसांचा व्हिसा आहे, चार डिसेंबरला परत जायचं आहे. गंधारच्या घरावरून विमानं इतकी खालून जातात की चहाच्या कपाला कंप सुटतो. तुझं ट्रली इथून गाडीने चार तासांवर आहे असं कळलं. एवढंच कळवते. येऊ का, असं विचारत नाही.

काम असं आहे. बाबांचं दगानवरचं पुस्तक मी टाइप करायला घेतलं आहे. पुण्याच्या प्रकाशकांना ते वर्षाच्या शेवटी हवं आहे. आठ प्रकरणं माझ्याकडे आहेत. नववं, 'शेजारच्या घरी', तुझ्याकडच्या तपकिरी वहीत आहे. बाबांचा हात थरथरायला लागल्यावर दर रविवारी ते तुला फोनवरून सांगायचे आणि तू तिकडे बसून लिहायचीस, ती वही. ती पाठव. फोटो काढून पाठवलेस तरी चालेल, पण वही आली तर बरं.

गंधारने त्याचा जुना लॅपटॉप दिला आहे. 'दगान' लिहिलं की प्रत्येक वेळी खाली लाल रेघ येते. आठ प्रकरणांत मिळून चारशेच्या वर लाल रेघा झाल्या असतील. पंचवीस वर्षं हा देव आपल्या घरात राहिला आणि यंत्राला अजून तो चूक वाटतो.

वही पाठव.

आई

ता. क. बाळाचं नाव काय ठेवलंत? जूनमध्ये झाली एवढंच मला माहीत आहे. गंधार सांगत नाही. "तिला विचार," म्हणतो. म्हणून विचारते आहे.


स्वोर्ड्स
शनिवार, ४ ऑक्टोबर

संध्या,

वीस दिवस झाले. इथलं पोस्ट दुसऱ्या दिवशी पोचतं असं गंधारची अक्षया म्हणते. तेव्हा पत्र हरवलं अशी समजूत मी करून घेऊ शकत नाही.

परवा दसरा झाला. अक्षयाने श्रीखंडाचा चक्का घरी बांधला होता. रेवाला म्हटलं, सोनं दे आजीला, तर ती ट्रॅम्पोलिनवरूनच ओरडली, "आज्जी, यू कॅन हॅव्ह इट लेटर, ओके?" सगळं समजतं तिला, पण उत्तर मराठीत येत नाही. दहा वर्षांची झाली. तुझ्या मुलीचंही असंच होईल. मला चालेल. कुठल्याही भाषेत चालेल.

काल सातवं प्रकरण टाइप करताना मी अडले, आणि विचारायला कुणी नाही म्हणून चिडले. तुला विचारते. मला जे समजलंय ते बरोबर आहे का सांग.

दगान हा फरात नदीच्या मधल्या खोऱ्यातला धान्याचा देव. तुत्तुल आणि तेर्का ही त्याची गावं. तिथे तो मोठा होता, राजे त्याच्या पाया पडून लढाईला जात. खालच्या अंगाला सुमेरी लोक होते. त्यांनी त्याला आपल्या एन्लिलच्या शेजारी बसवलं आणि म्हणाले, हा तोच. पलीकडे समुद्रकाठी उगारित. तिथल्या देवांच्या यादीत त्याचं नाव वरच्या ओळींत आहे, नैवेद्याच्या यादीत त्याला मेंढी आहे. पण तिथल्या गोष्टींमध्ये तो कुठेच नाही. लढत नाही, बोलत नाही, रुसतसुद्धा नाही. फक्त बआल या वादळाच्या देवाला हाक मारायची असली की म्हणायचं, 'दगानचा मुलगा'. त्यातही बआलचा बाप एल नावाचा देव असं तेच लोक दुसरीकडे सांगतात. नंतर पलिष्टी लोकांनी त्याला गाझा आणि अश्दोदला नेलं, आणि पुढे कुणी कुणी त्याला माशाची शेपटी लावून टाकली. धान्याच्या देवाला.

मी बाबांना एकदा म्हटलं होतं, हा कसला सन्मान? स्वतःच्या गावात राजा आणि शेजाऱ्याच्या घरी नुसतं बापाचं नाव. ते म्हणाले होते, "नवव्या प्रकरणात उत्तर येईल. संध्याला सांगतोय ते." मला सांगावंसं वाटलं नाही त्यांना. मी स्वयंपाकघरात होते, दहा पावलांवर.

तू हे वाचून म्हणशील, आई पुन्हा तेच सुरू करते आहे. नाही करत.

पण या देवाशी त्यांची ओळख मी करून दिली हे तुला माहीत आहे का? नागपूरला शाळेत पाचवीत असताना आमची मॉरल सायन्सची मिस आजारी होती, म्हणून आम्हाला कॅथलिक मुलींच्या तासाला बसवलं. सिस्टर ब्रिजिड आयर्लंडच्या होत्या, उन्हाने लाल लाल झालेल्या. त्यांनी गोष्ट सांगितली. पलिष्ट्यांनी लढाईत दुसऱ्यांच्या देवाची पेटी जिंकली आणि आपल्या दगानच्या देवळात ठेवली. सकाळी बघतात तर दगान त्या पेटीपुढे पालथा पडलेला. लोकांनी उचलून जागेवर ठेवला. दुसऱ्या सकाळी पुन्हा पालथा, आणि या वेळी मुंडकं आणि दोन्ही हात तुटून उंबरठ्यावर. मुली हसल्या. मी हात वर करून विचारलं, "सिस्टर, पहिल्या सकाळी त्याला उचललं कुणी?" त्या म्हणाल्या, "सिट डाउन, पद्मिनी."

बाबा मला बघायला आले तेव्हा विषय सुचेना, म्हणून त्यांनी शाळेबद्दल विचारलं आणि मी हे सांगितलं. सरकारी गोदामात नवे धान्य निरीक्षक लागलेले, खिशात गव्हाच्या नमुन्याच्या पुड्या. पुढे कितीतरी वर्षांनी कुठेसं वाचून आले आणि दारातूनच म्हणाले, "अगं, तुझा तो पडलेला देव धान्याचा होता. म्हणजे आमच्याच खात्याचा!" तेव्हापासून तो आपल्या घरात आला.

तुझी त्या मार्चमध्ये परीक्षा होती. तुला उगीच काळजी नको म्हणून मी बाबांच्या आजारपणाचं कळवलं नाही. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

आई


स्वोर्ड्स
गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

संध्या,

गंधारने आज अर्धी रजा घेतली होती. तू येशील असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानेच मनाशी धरलं होतं. अक्षयाने पाट मांडला, रांगोळी काढली. दुपारी तीन वाजता रेवाने त्याच्या पाटावर टेडी बसवला आणि टेडीला ओवाळलं. तो हसला. मग गॅरेजमध्ये जाऊन उगाच सायकलला तेल घालत बसला.

मी तिथे गेले आणि म्हटलं, "तिची परीक्षा होती, म्हणून नाही कळवलं. यावर अडीच वर्षं रुसायचं?"

तो म्हणाला, "आई, तिची परीक्षा फेब्रुवारीत संपली होती."

"मला कुठे माहीत?"

"मी तुला सांगितलं होतं. आणि मलाही तू साधा ताप म्हणालीस. रविवारी संध्याकाळी खरं सांगितलंस, मी मंगळवारी दुपारी पोचलो, बाबा सकाळी गेले. संध्याला तर मी एअरपोर्टवरून कळवलं." चाक फिरवत होता, माझ्याकडे बघत नव्हता. "मी चिडत नाही कारण मला सकाळी कामाला जायचं असतं. तिला चिडायचं असेल तर चिडू दे ना."

इथे सगळ्याला ग्रँड म्हणतात. पाऊस ग्रँड, दातदुखी ग्रँड, सासू तीन महिने राहायला आली तरी ग्रँड. या घरात गेले सहा आठवडे सगळं ग्रँड आहे आणि मला कुणावर तरी भांडं आपटावंसं वाटतं.

पाचवं प्रकरण पुन्हा वाचलं. त्यात फरातकाठच्या मारी शहराच्या राजवाड्यात सापडलेली मातीच्या पाट्यांवरची पत्रं आहेत. एका माणसाला स्वप्न पडतं. तो तेर्काला दगानच्या देवळात जातो, पाया पडतो. देव त्याच्याशी बोलतो. मला वाटलं होतं, काही भविष्य सांगेल. तर तो विचारतो, राजाचे जासूद माझ्यापुढे येऊन का बसत नाहीत? सगळी हकीकत माझ्यासमोर का मांडत नाहीत? आणि ते स्वप्न कुणीतरी राजाला पत्राने कळवलं आहे.

पत्र येत नाही म्हणून तक्रार करणारा देव. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आणि बाबा खूप हसलो होतो. आता टाइप करताना मला त्या पानावरून पुढे जाता येईना. का, ते मला माहीत आहे. आज सणाचा दिवस आहे, आज नको.

आई


स्वोर्ड्स
रविवार, ९ नोव्हेंबर

संध्या,

सिस्टर ब्रिजिड पत्रलेखन शिकवायच्या. उजव्या कोपऱ्यात पत्ता, खाली तारीख, आणि मजकुराला सरळ सुरुवात. तीन पत्रं झाली आणि मी अजून मजकुराला सुरुवात केलेली नाही.

तुला वाटतं, मी बाबांचं आजारपण तुझ्यापासून लपवलं. ते खरं आहे, पण ते अर्धं आहे. उरलेलं कुणालाच माहीत नाही. सांगितलं तर तू बाळाचा चेहरा मला कधीच दाखवणार नाहीस, हे धरून सांगते. वही मिळाली नाही तरी चालेल. पुस्तक आठ प्रकरणांचं निघेल.

दोन मार्चला त्यांना न्यूमोनियाने दवाखान्यात ठेवलं. तू पाच तारखेला फोन केलास, नेहमीच्या वेळी. त्यांचा फोन माझ्या हातात होता. तू म्हणालीस, "वही घेऊन बसलेय, बाबांना दे." मी म्हणाले, "बाबा झोपलेत." ते जागे होते. खिडकीकडे तोंड करून पडले होते, तोंडावर मास्क. बारा तारखेला पुन्हा तू, पुन्हा मी, "झोपलेत." एकोणीस तारखेला पुन्हा.

हे तुला आता कळलंच आहे. आता पुढचं.

पाच तारखेला संध्याकाळी त्यांनी मास्क बाजूला करून विचारलं, "संध्याचा फोन?" मी म्हटलं, "नाही आला." बाराला विचारलं, "आज रविवार ना? आला होता?" मी म्हटलं, "नाही. कामात असेल." एकोणीसला त्यांनी विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. मी आपणहून मान हलवली, नाही म्हणून.

का, हे मी स्वतःला अडीच वर्षं विचारते आहे. तुझ्या लग्नावरून नाही. डोनलबद्दल मी कधी वाईट बोलले नाही, आठवून बघ. तुझी काळजी म्हणूनही नाही. त्या एकोणीस दिवसांत त्यांनी तुझं नाव घेतलं, त्या देवाचं घेतलं, गोदामातल्या शिपायाचंही घेतलं. माझं एकदाही घेतलं नाही. मी तिथेच होते, संध्या. उशी बदलत होते, पेज भरवत होते. माणूस समोर असलं की हाक मारावी लागत नाही, हे मला आता समजतं. तेव्हा मला इतकंच वाटलं की एक रविवार, फक्त एक, त्यांनी वाट बघावी आणि शेजारी मी असावी.

एकाचे तीन झाले. चौथ्या रविवारी खरं सांगणार होते. तो रविवार आला नाही.

तू फोन केला नाहीस असं समजून ते गेले. हे मी केलं. तुझा त्यात काही दोष नव्हता, हे तुझ्याजवळ लिहून असावं म्हणून कागदावर लिहिलं.

आई


स्वोर्ड्स
शनिवार, २२ नोव्हेंबर

संध्या,

वही आली. आत चिठ्ठी नाही. पाकीट दोनदा उलटं करून झटकलं. रेवा म्हणाली, "देअर्स नथिंग इन इट, आज्जी." मी तिच्यावर ओरडले, मग तिला शिरा करून दिला.

तू वही का पाठवलीस ते मला समजत नाही. आता आपला व्यवहार संपला म्हणून? तसं असेल तर तसं लिहायचं. दोन ओळींना किती वेळ लागतो? माझ्या हातून जे झालं त्यावर तू मला शिव्या दे, मी वाचीन. पण या गप्प बसण्याचं मी काय करू, ते तरी सांग.

रागाच्या भरात वही वाचली. मग हळूहळू वाचली. किती छान अक्षर काढलं आहेस. बाबा मध्येच म्हणालेलंही तू लिहून घेतलं आहेस, 'थांब, चष्मा घेतो', 'तुझी आई पोहे घेऊन आली, पाच मिनिटं थांब'. पाच मिनिटं थांब, असं अकरा ठिकाणी आहे. पोहे, चहा, औषध, पुन्हा चहा. मी मोजले.

शेवटची तीन पानं बघितली. वर तारीख, ५ मार्च, आणि खाली एवढंच, 'बाबा झोपलेत'. पुढच्या पानावर १२ मार्च, 'बाबा झोपलेत'. तिसऱ्यावर तेच. बाकी कोरं.

आणि त्याआधीच्या पानावर प्रकरण जिथे थांबलं ते वाक्य. 'उगारितमध्ये दगानला स्वतःची गोष्ट मिळाली नाही. मिळालं ते एवढंच की', आणि तिथे तू कंसात लिहिलं आहेस, 'बाबांना खोकला, पुढच्या रविवारी'.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नाही. ते मी पाच तारखेला त्यांच्या तोंडातच राहू दिलं.

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने मी ट्रलीला येते आहे. गंधारने तिकीट काढून दिलं. दार उघडलं नाहीस तर पायरीवर पिशवी ठेवून परत फिरेन. पिशवीत मेतकूट आणि बाळासाठी दुपटं आहे. बाबांच्या जुन्या धोतराचं आहे, मऊ आहे. ते तरी घे.

आई


ट्रलीहून डब्लिनला जाणाऱ्या गाडीत
रविवार, ३० नोव्हेंबर

बाळा,

हे पत्र तुला. तू वाचशील तेव्हा मी असेन-नसेन, आणि मराठी अक्षरं तुला येतील की नाही तेही सांगता येत नाही. तुझ्या आईकडून वाचून घे. ती बरोबर वाचेल.

काल दार तुझ्या बाबाने उघडलं. तू त्याच्या खांद्यावर होतीस आणि त्याच्या शर्टावर तुझी लाळ. "यू मस्ट बी पद्मिनी," म्हणाला. "कम इन, कम इन, यू'अर ड्राउन्ड." मी पावसात भिजलेली, पायरीवरच उभी राहिले. तो म्हणाला, "संध्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, दोनला येईल. धिस इज—" मी घाईने हात पुढे केला आणि इंग्रजीत सांगितलं, नाव सांगू नका. ते तिने सांगायला हवं. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "फेअर इनफ. टी?"

दोन वाजेपर्यंत मी तुझ्याकडे बघत बसले आणि तुला 'अगं' म्हणत होते. तुझे कान तुझ्या आजोबांचे आहेत.

तुझी आई आली, कोट काढला, हात धुतले. तुला पाजलं. मग म्हणाली, "जेवलीस?"

"डोनलने टोस्ट दिला."

"ते जेवण नाही." तिने वरण-भात लावला आणि तांदळाचा डबा उघडून बघत राहिली. मग होता तेवढा सगळा तांदूळ धुवून कुकरला लावला.

जेवताना ती म्हणाली, "आई, मी तुला माफ केलेलं नाही."

"बरं."

"बरं काय? ते पत्र मी लॅबच्या पार्किंगमध्ये वाचलं. दोन दिवस मला काही सुचलं नाही. बाबांना वाटलं, मी—"

"हो."

"तू असं कसं केलंस गं?"

मी कारण पुन्हा सांगितलं नाही. ते लिहून झालं होतं. ती रडली, मी रडले. डोनल तुला घेऊन मागच्या अंगणात गेला, पाऊस असूनसुद्धा. शहाणा आहे तो.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "हिचं बारसं केलंच नाही आम्ही. करणार कोण? ताटात तांदूळ पसरून नाव लिहायचं, तर त्याला कुणीतरी मोठं लागतं." मग फडताळात बघून म्हणाली, "आणि तांदूळ तर तू आत्ता खाल्लास."

मला हसू आलं. हसावं की नाही कळेना, पण तीही हसली, अगदी थोडी.

तिने स्टीलच्या ताटात ओट्स ओतले, तुमच्याकडे सकाळी खातात ते चपटे. मी एक दाणा दातांखाली धरून बघितला. तुझे आजोबा गहू असाच बघायचे, कट् वाजला की कोरडा. हा वाजला नाही. मी अंगठी काढून तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही. "मी सांगते, तू लिही," म्हणाली, आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. दर रविवारी तुझे आजोबा तिला असंच सांगायचे, तेव्हा लिहिणारी ती होती.

"लिही. ऑन्या."

ते डोनलच्या आजीचं नाव आहे असं तिने सांगितलं. ओट्समध्ये रेघा नीट उमटत नव्हत्या, कडा पुन्हा पुन्हा ढासळत होत्या. लिहून झालं म्हणून मी अंगठी उचलली.

"थांब," ती म्हणाली. "झालं नाही अजून. रविकांत."

मी तिच्याकडे बघितलं.

"बर्थ सर्टवर तसंच आहे. ऑन्या रविकांत ओशे. रजिस्ट्रार विचारत होती, मुलीला पुरुषाचं नाव कसं? मी म्हटलं, आमच्यात मध्ये बापाचं नाव असतं, हिच्यात माझ्या बापाचं आहे."

मी लिहिलं. ओट्सचे तुकडे बोटाने बाजूला सारत, एकेक अक्षर. 'त'चा पाय मोडला, तो पुन्हा काढला. लिहिताना माझ्या लक्षात आलं की मी उगारितच्या त्या लोकांवर उगीच रागावले होते. तू कुठेतरी स्वतःची ओळख सांगशील, शाळेत, ऑफिसात, आणि प्रत्येक वेळी मध्ये तुझ्या आजोबांचं नाव येईल. ज्यांना ते कोण हे माहीत नाही, तेही ते उच्चारतील. त्यांना तिथे कुठली गोष्ट नसेल, पण नाव असेल. नवव्या प्रकरणाचं अर्धं राहिलेलं वाक्य मी घरी गेल्यावर पूर्ण करणार आहे. तुझ्या आईला विचारून. ती म्हणाली, "लिहून पाठव, मी बघते." म्हणजे बघेल.

ओट्स तिने परत डब्यात ओतले. मी हळहळले तर म्हणाली, "मग काय करू? सकाळी डोनल खाईल." आज सकाळी त्याने ते खाल्ले, दूध आणि मध घालून. मीही दोन चमचे खाल्ले.

स्टेशनवर ती गाडीतून उतरली नाही, तू मागे झोपली होतीस. काच खाली करून एवढंच म्हणाली, "रविवारी फोन करीन. आधी सांगितलं तसं, अजून माफ केलेलं नाही." मी म्हटलं, "कर."

गुरुवारी मी पुण्याला जाते. तिथे घरात आता मी एकटीच आहे, फोन माझा मलाच घ्यायचा आहे. तू लवकर बोलायला लाग, ऑन्या. आणि एखाद्या रविवारी कुणी तुला म्हणालं की आजी झोपली आहे, तर विश्वास ठेवू नकोस. पुन्हा लाव.

तुझी आजी
पद्मिनी